पुशरॉडची लांबी : तुरीन ते कुर्ला, एका इंजिनाचा प्रवास

१/
२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईच्या ताडदेव आरटीओमध्ये एका प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंद झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली ती शेवटची पद्मिनी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या रस्त्यांवर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. या गाडीच्या बॉनेटखाली जे इंजिन होते, त्याची मूळ रचना १९३७ सालची, इटलीतील तुरीन शहरातली. त्या इंजिनाची आणि त्यातील पेन्सिलीएवढ्या जाडीच्या एका पोलादी दांड्याची ही कथा.

२/
या दांड्याचे नाव पुशरॉड. सिलिंडरमागे दोन, म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनात आठ. प्रत्येकाची लांबी कारखान्याने ठरवून दिलेली असते. प्रश्न एवढाच, की दोन-तीन वेळा उघडून पुन्हा बांधलेल्या इंजिनाला ती लांबी लागू पडते का? शर्यतीसाठी इंजिन तयार करणारा तंत्रज्ञ आणि मुंबईच्या गल्लीतला टॅक्सीचा मिस्त्री या दोघांनाही हा प्रश्न सारखाच पडत आला. त्याचे उत्तर शोधताना विसाव्या शतकाच्या औद्योगिक इतिहासाचा मोठा भाग ओलांडावा लागतो.

३/
आधी पुशरॉड म्हणजे काय ते पाहू. धसई, मुरबाड, शहापूर या पट्ट्यात काय किंवा महाराष्ट्रात इतरत्र काय, ओढ्याकाठी पाणी खेचणारे एका सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन अनेकांनी पाहिलेले असते. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली आणि अशी इंजिने गावोगावी पोहोचली. जुन्या धाटणीच्या काही इंजिनांच्या बाजूने दोन उभे दांडे तालात वर-खाली होताना उघड्या डोळ्यांना दिसतात. तेच पुशरॉड. मोटारीच्या इंजिनात ते ब्लॉकच्या आत दडलेले असतात, एवढाच फरक.

४/
काम साधे आहे. इंजिनाच्या खालच्या भागात कॅमशाफ्ट फिरतो. त्याच्यावरचा उंचवटा, म्हणजे कॅम, टॅपेटला वर ढकलतो. टॅपेट पुशरॉडला ढकलतो. पुशरॉड रॉकर आर्मचे एक टोक उचलतो आणि रॉकरचे दुसरे टोक, झोपाळ्याच्या फळीसारखे, खाली येऊन व्हॉल्व्ह उघडते. कॅम पुढे सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत बसवते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला ४८०० फेऱ्यांनी धावत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ४० वेळा उघडतो आणि ४० वेळा बंद होतो. एवढ्या वेळा निरोप पोहोचवणारा दूत म्हणजे पुशरॉड.

५/
मग कॅम खाली आणि व्हॉल्व्ह वर, असा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आरंभीच्या बहुतेक मोटारींत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, उलटे बसवलेले असत. या साइड-व्हॉल्व्ह रचनेत पुशरॉडची आणि रॉकरची गरज नव्हती. इंजिन स्वस्त आणि दुरुस्तीला सोपे होते. पण ज्वलनकक्ष एका बाजूला पसरट झाल्यामुळे वायूंना वळसा घ्यावा लागे, कंप्रेशन फार वाढवता येत नसे आणि शक्ती मर्यादित राही. व्हॉल्व्ह पिस्टनच्या थेट डोक्यावर आणले तर श्वास मोकळा होतो. त्यासाठी कॅमची हालचाल वर नेणारा दांडा आवश्यक ठरला.

६/
अमेरिकेत ब्यूक कंपनीने १९०४ च्या आपल्या मोटारीत ही 'व्हॉल्व्ह डोक्यावर' रचना बाजारात आणली. शेवरलेनेही तीच वाट धरली. फोर्डचे मॉडेल टी मात्र साइड-व्हॉल्व्हचे राहिले. हा वाद मुंबईलाही नवा नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला आणि तेथून शेवरले गाड्या बाहेर पडू लागल्या. पुशरॉड असलेली इंजिने मुंबईच्या कामगारांच्या हातांखालून जाऊ लागली, ती पद्मिनीच्या कितीतरी आधी.

७/
शर्यतीच्या जगात मात्र पुशरॉडला लवकरच म्हातारा ठरवण्यात आले. १९१२ साली प्यूजोने डोक्यावर दोन कॅमशाफ्ट असलेली गाडी फ्रेंच ग्रां प्रीमध्ये उतरवली आणि जिंकली. पुढच्याच वर्षी प्यूजोने अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० ही शर्यत जिंकली. कॅमच डोक्यावर नेला, तर लांब दांड्याची गरज उरत नाही. दांडा नाही म्हणजे त्याचे वजन नाही, त्याचे वाकणे नाही. वेग वाढवायचा तर हाच मार्ग, असे मत स्थिर होत गेले. परंतु डोक्यावरचा कॅम महाग होता. सामान्य माणसाच्या मोटारीला तो परवडणारा नव्हता.

८/
येथे दांते जाकोसा या इटालियन अभियंत्याचा प्रवेश होतो. जन्म १९०५. फियाटची चिमुकली 'तोपोलिनो' त्याच्याच हातची. १९३७ साली फियाट ५०८ सी ही गाडी आली. तिच्या इंजिनाचा बोअर ६८ मि.मी. आणि स्ट्रोक ७५ मि.मी. चार सिलिंडर मिळून १०८९ घन सेंटिमीटर. शक्ती ३२ अश्वशक्ती. कॅम खाली, व्हॉल्व्ह वर आणि मध्ये पुशरॉड. रचना स्वस्त राहिली, तरी श्वास मोकळा झाला. हा आकडा, १०८९, लक्षात ठेवावा. तो पुढे अर्धशतकाहून अधिक काळ भारतात वाचला जाणार होता.

९/
या साध्या इंजिनात किती ताकद दडली आहे, हे युद्ध संपताच दिसले. तुरीनचा उद्योजक पिएरो दूसिओ याने सिसितालिया नावाने शर्यतीच्या गाड्या बांधायला घेतल्या. डी ४६ या एकासनी गाडीच्या रचनेत जाकोसाचाच हात होता आणि इंजिन होते तेच १०८९ चे, सुमारे ६० अश्वशक्तीपर्यंत नेलेले. ३ सप्टेंबर १९४६ रोजी तुरीनच्या कोप्पा ब्रेत्सी शर्यतीत महान चालक ताझिओ नुवोलारी हीच गाडी चालवत होता. धावत्या गाडीचे स्टिअरिंग चाक निखळून त्याच्या हातात आले. ते एका हाताने उंचावून दाखवत, दुसऱ्या हाताने उरलेला दांडा धरून तो गाडी चालवत राहिला. ती शर्यत दूसिओने स्वतः जिंकली.

१०/
३२ चे ६० कसे झाले? जादू नव्हती. कंप्रेशन वाढवले गेले, व्हॉल्व्ह अधिक वेळ आणि अधिक उंचीपर्यंत उघडे राहतील असा कॅम बसवला गेला, कार्ब्युरेटर बदलला, फेऱ्या वाढवल्या. कोणतेही पुशरॉड इंजिन 'चालते' करायचे तर आजही याच पायऱ्या आहेत. आणि यातील पहिल्या दोन पायऱ्या पुशरॉडच्या लांबीला थेट हात घालतात. हेड घासून खाली आणले, तर अंतर कमी होते. कॅमचा पाया घासून उंचवटा वाढवला, तर अंतर वाढते. दोन्ही एकदम केले, तर बेरीज कागदावर सांगता येत नाही. मोजावीच लागते.

११/
आता मुंबईकडे वळू. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांच्या मागे लागलेले गृहस्थ. बंगळुरूचा विमान कारखाना आणि विशाखापट्टणमचे जहाजबांधणी केंद्र त्यांच्याच पुढाकाराचे. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली क्रायस्लर समूहाची वाहने बाहेर पडू लागली. त्या काळातील क्रायस्लरच्या मोटारींची सहा सिलिंडरची इंजिने साइड-व्हॉल्व्हची होती. म्हणजे कुर्ल्याचा आरंभ पुशरॉडविना झाला.

१२/
पन्नाशीच्या आरंभी फियाटशी संबंध जुळला. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर धोरण स्पष्ट झाले : केवळ सुटे भाग आणून जुळणी करणाऱ्यांना जागा नाही, भाग येथेच बनवावे लागतील. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचे काम गुंडाळले. प्रीमियर राहिली. फियाट ११०० कुर्ल्यात बनू लागली. गोलसर पाठीच्या त्या जुन्या गाडीला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. १९६४ साली चौकोनी धाटणीची ११०० डी आली. तिलाच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले.

१३/
एक बारीक गोष्ट येथे बोलकी आहे. इटलीत १९६२ च्या ११०० डी मध्ये इंजिन वाढवून १२२१ घन सेंटिमीटरचे केलेले होते. भारतातील गाडीत मात्र १०८९ चेच इंजिन राहिले. १९६९ साली इटलीत ११०० ची मालिका संपली आणि डोक्यावर कॅम असलेली फियाट १२८ आली. तुरीनने ११०० चा निरोप घेतला. कुर्ल्यात तोच पुशरॉड आणखी सुमारे तीन दशके तयार होत राहिला.

१४/
याचे कारण परवाने आणि आयातबंदीच्या व्यवस्थेत होते. नव्या मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परदेशी इंजिन आणणे सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून जुने इंजिन टाकून देण्याची चैन कोणालाच परवडत नव्हती. इंजिन उतरवायचे, सिलिंडर बोअर करायचे, हेड फेसिंगला द्यायचे, व्हॉल्व्ह घासून बसवायचे आणि पुन्हा बांधायचे. काही वर्षांनी पुन्हा तेच. आधुनिक देशांत एकदाच बांधले जाणारे इंजिन येथे अनेक जन्म घेत होते. प्रत्येक जन्मात त्याची मापे थोडी बदलत होती आणि कारखान्याचे पुस्तक मात्र पहिल्याच जन्माचे होते.

१५/
मापे बदलण्याचे पहिले कारण म्हणजे उष्णता. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. मे महिन्यात गर्दीत अडकलेल्या टॅक्सीचे पाणी उकळले, की हेड वाकडे होते आणि गॅस्केट उडते. मग हेड सपाट करण्यासाठी फेसिंग करावे लागते. समजा, अशा दोन फेऱ्यांत हेड अर्धा मिलिमीटर घासले गेले. रॉकरचा सांगाडा हेडवरच बसलेला असल्याने तोही अर्धा मिलिमीटर खाली आला. पुशरॉड मात्र होता तेवढाच राहिला. म्हणजे तो आता अर्धा मिलिमीटर लांब पडतो.

१६/
अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? रॉकरची भुजा व्हॉल्व्हकडे लांब आणि पुशरॉडकडे आखूड असते. हे गुणोत्तर दीड धरले, तर व्हॉल्व्हपाशी हा फरक पाऊण मिलिमीटर होतो. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामध्ये जी फट ठेवायची असते, ती मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजतात. म्हणजे हा फरक त्या फटीच्या कितीतरी पट. सुदैवाने या रचनेत रॉकरच्या टोकाला आट्यांचा स्क्रू असतो. तो सैल करून फट परत मिळवता येते. मिस्त्रींच्या भाषेत 'टॅपेट सेट करणे' ते हेच. पण स्क्रूलाही सीमा आहे.

१७/
दुसरे कारण इंधनाचे. शिसेयुक्त पेट्रोलमधील शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून जपत असे. २००० साली भारतातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. हवेसाठी ते अत्यंत आवश्यक होते. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. सीएनजी कोरडे इंधन आहे. बैठकीला ते काहीच वंगण देत नाही. मऊ बैठक झिजली, की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत रुतत जातो आणि त्याची शेपटी वर येते. रॉकरचे व्हॉल्व्हकडचे टोक उचलले जाते, पुशरॉडकडचे खाली दबते. फट पुन्हा कमी होते. फेसिंग आणि बैठकीची झीज, दोघांचा परिणाम एकाच दिशेचा.

१८/
तिसरे कारण उलट्या दिशेचे. झिजलेला कॅमशाफ्ट नव्याने घासून घेतला, तर त्याचा मूळ वर्तुळाकार पाया लहान होतो, टॅपेट खाली बसतो आणि पुशरॉड आखूड पडतो. शर्यतीसाठी अधिक उंचीचा कॅम हवा असेल आणि नवा कॅम मिळत नसेल, तर हाच उपाय. चेन्नईजवळच्या शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर भरणाऱ्या शर्यतींत फियाट ११०० उतरत. घासलेले हेड आणि घासलेला कॅम हे अशा तयारीचे ओळखीचे मार्ग. जाड गॅस्केट टाकले, तर हेड वर जाते आणि दांडा आणखी आखूड वाटतो. चार बदल, दोन दिशा.

१९/
लांबी चुकली तर काय होते? दांडा लांब पडला, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कंप्रेशन गळते आणि जळते वायू फटीतून निसटत व्हॉल्व्हची कड जाळून टाकतात. दांडा आखूड पडला, तर स्क्रू जवळजवळ पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग त्याचे मोजकेच आटे पकडीत राहतात, तो वाकू शकतो, दांड्याचे टोक आपल्या वाटीत तिरके घासते. इंजिन टकटक वाजते आणि व्हॉल्व्ह हवा तेवढा उघडत नाही. टॅक्सीत याचा अर्थ बुडालेली रोजची कमाई. शर्यतीत याचा अर्थ सरळ रस्त्यावर सुटलेला दांडा आणि संपलेली शर्यत.

२०/
मग मोजायचे कसे? क्रम महत्त्वाचा आहे. जे गॅस्केट अखेरीस राहणार तेच टाकून हेड ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने आवळायचे, कारण दबल्यावर गॅस्केटची जाडी बदलते. मग एका सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर जड स्प्रिंगऐवजी हलकी स्प्रिंग लावायची. आधी रॉकरची बैठक तपासायची. व्हॉल्व्हच्या शेपटीवर शाई लावून क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा. रॉकरने पुसलेला पट्टा शेपटीच्या मध्यावर आणि अरुंद असेल तर बैठक योग्य. पट्टा कडेला सरकला असेल, तर या रचनेत चूक पुशरॉडची नसून रॉकरच्या उंचीची असते. ती रॉकरच्या पायांखाली शिम घालून किंवा काढून सुधारावी लागते.

२१/
तत्त्व असे : व्हॉल्व्ह निम्मा उघडलेला असताना रॉकरच्या आसापासून त्याच्या टोकापर्यंतची रेषा व्हॉल्व्हच्या दांड्याशी काटकोनात असावी. निम्म्या उंचीचा क्षण डायल गेजने सापडतो. ही बैठक जमली, की मगच पुशरॉड. त्या सिलिंडरचा पिस्टन कंप्रेशनच्या टोकाला आणायचा, म्हणजे टॅपेट कॅमच्या गोल पायावर बसतो. मूळ दांडा काढून त्या जागी लांबी बदलता येईल असा दांडा घालायचा. तो विकत मिळतो. नाही तर जुना पुशरॉड मध्ये कापून, दोन तुकड्यांना आटे पाडून, लेथवर करून घेता येतो.

२२/
रॉकरचा स्क्रू त्याच्या आट्यांच्या साधारण मध्यावर ठेवायचा. मापणीचा दांडा फिरवत लांब करत जायचा. फिलर गेजने ठरलेली फट दिसली, की थांबायचे आणि दांडा काढून व्हर्नियरने मोजायचा. येथे एक सापळा आहे. दांड्याच्या एका टोकाला गोळी आणि दुसऱ्याला वाटी असेल, तर टोकापासून टोकापर्यंतची लांबी आणि प्रत्यक्ष कामाची लांबी वेगळ्या असतात, कारण गोळी वाटीच्या तळाशी टेकते, कडेला नव्हे. म्हणून मूळ दांडा आणि मापणीचा दांडा एकाच पद्धतीने मोजून फरक काढायचा. मग हीच कृती इतर सिलिंडरवर. आठांपैकी एकाचे माप वेगळे आले, तर तिथली बैठक किंवा व्हॉल्व्ह पुन्हा पाहायचा. कॅम उंच केला असेल, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातील अंतरही तपासायचे. पिस्टनवर मऊ मातीची गोळी ठेवून इंजिन हाताने फिरवले, की उरलेली जाडी ते अंतर सांगते.

२३/
सर्व इंजिनांना हा नियम जसाच्या तसा लागू नाही. १९५५ साली शेवरलेने आठ सिलिंडरचे जे प्रसिद्ध इंजिन आणले, त्यात रॉकर सामाईक आसावर नसून स्वतंत्र खुंटीवर बसतो आणि तिच्यावरच वर-खाली होतो. तेथे पुशरॉडची लांबी बदलली, की रॉकरची बैठकही बदलते. म्हणून शाईचा पट्टा मध्यावर येईपर्यंत दांडाच लांब-आखूड करावा लागतो. शिवाय तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असतील, तर फट ठेवायची नसते. शून्य फटीच्या लांबीत टॅपेट थोडा दाबून ठेवण्याइतकी भर घालतात. एकच शब्द, 'पुशरॉडची लांबी', पण इंजिनानुसार त्याचा अर्थ बदलतो.

२४/
आणि ज्याला १९१२ सालीच म्हातारा ठरवले होते, त्या दांड्याने १९९४ साली परत डोके वर काढले. इंडियानापोलिस ५०० च्या नियमांत पुशरॉड इंजिनांना अधिक आकारमान आणि टर्बोचा अधिक दाब यांची सवलत होती. हेतू असा, की साध्या, कारखानी इंजिनांनाही संधी मिळावी. इंग्लंडच्या इल्मोर कंपनीने पेन्स्के संघासाठी गुप्तपणे केवळ त्या शर्यतीकरता नवे पुशरॉड इंजिन बांधले. मर्सिडीज-बेंझचे नाव ल्यालेल्या त्या इंजिनाची शक्ती सुमारे हजार अश्वशक्ती होती. कॅम ब्लॉकमध्ये उंचावर नेऊन पुशरॉड शक्य तितके आखूड केले होते. २९ मे १९९४ रोजी अल अन्सर ज्युनियरने ती शर्यत जिंकली. त्यानंतर नियम बदलले आणि ते इंजिन पुन्हा कधी शर्यतीत उतरले नाही.

२५/
योगायोग असा, की त्याच १९९४ साली प्रीमियरने पुशरॉडचा निरोप घेण्याचा मोठा प्रयत्न केला. मुरबाड-धसईकडचा रस्ता जेथे येऊन मिळतो, त्या कल्याण परिसरातील कारखान्यात प्यूजो ३०९ बनू लागली. तिच्या इंजिनात कॅम डोक्यावर होता. बाजारात १९८३ पासून मारुती ८०० होती, तिचाही कॅम डोक्यावर. परंतु कामगार संघर्ष आणि भागीदारांतील तणाव यांत प्यूजोचा प्रकल्प काही वर्षांतच बुडाला. कुर्ल्याची पद्मिनी त्याच्याहून अधिक जगली आणि नवे शतक उजाडताना तिचेही उत्पादन थांबले. रस्त्यावरच्या टॅक्सी मात्र आणखी दोन दशके त्याच आठ दांड्यांवर धावत राहिल्या.

२६/
या इतिहासातील काही नावे ग्रंथांत आहेत : जाकोसा, नुवोलारी, वालचंद. सिसितालियाची २०२ ही गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलेली आहे आणि तिच्या इंजिनाचे मूळही याच ११०० मध्ये आहे. ज्यांनी या इंजिनाला मुंबईत पुन्हा पुन्हा उभे केले, त्या मिस्त्रींची मापे कुठल्याही संग्रहालयात नाहीत. अमुक हेड किती घासले, कोणत्या कॅमला कोणता दांडा जुळला, हे ज्ञान हातात आणि कानात होते. गाडी भंगारात गेली, की ते माप पुन्हा काढता येत नाही, कारण ते त्या एकाच इंजिनाचे होते.

२७/
आज काही तरुण घरच्या जुन्या पद्मिनी पुन्हा उभ्या करत आहेत. त्यांच्या हाती कारखान्याचे पुस्तक असते आणि त्यातला आकडा खरा असतो, पण तो कुर्ल्याहून निघालेल्या नव्या इंजिनाचा. समोरच्या इंजिनाचे हेड किती वेळा फेसिंगला गेले, हे पुस्तकाला ठाऊक नसते. जवळपास एखादा मिस्त्री असेल, ज्याने ही इंजिने बांधली, तर मोजताना त्याला शेजारी बसवावे आणि निघालेले माप तारखेसह लिहून ठेवावे. १९३७ साली तुरीनमध्ये सुरू झालेल्या या इंजिनाच्या इतिहासातले मुंबईचे पान त्याशिवाय कोरेच राहील.